साडूचा दाखला

राजवाड्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने राजवाडा पाहिलेला नसतो, ही गोष्ट बाहेरच्यांना काही केल्या पटत नाही. आम्हाला राजवाडा हा बसथांबा म्हणून ठाऊक. तिथे एका बसमधून उतरायचं आणि कचेरीकडे जाणारी दुसरी धरायची. ती बस ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून उभं राहावं लागतं, त्यामुळे राजवाड्याकडे माझी कायम पाठ. थोरल्या महाराजांकडे इतकी वर्षं इतक्या नेमाने पाठ फिरवलेला दुसरा प्रजाजन सापडायचा नाही.

हे असंच चाललं असतं. पण मला एक साडू आहे.

बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हटलं तर कोणीच नाही. ना रक्ताचा, ना शेजारचा. पण एकाच सासऱ्याने दोनदा बाजारात जाऊन केलेली खरेदी आम्ही. त्यातला कोणता माल चांगला निघाला, हे सासुरवाडी आयुष्यभर ताडून पाहत असते, आणि माल बिचारा आयुष्यभर स्वतःला झटकत-पुसत असतो. माझा साडू बंदराच्या शहरात पाणीपुरवठा खात्यात मोठ्या जागेवर. उंच, कपाळ मोठं, आवाज नळाला एकदम पाणी यावं तसा. मी विमा कार्यालयात दावे तपासतो. कोणी गेलं की त्याची माणसं कागद घेऊन माझ्या टेबलापाशी येतात आणि मी विचारतो, "मयताशी नातं काय? आणि पुरावा?" लोकांचा चेहरा पडतो. मग मी मऊ आवाजात म्हणतो, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण कागद काय म्हणतो?" हे वाक्य मी स्वतः तयार केलेलं आहे आणि त्यात पुरेशी सहानुभूती आहे असा माझा समज होता.

गेल्या वर्षी आम्ही साडूकडे गेलो होतो. त्याने आम्हाला दीपगृह दाखवलं, जुना धक्का दाखवला, जकातीची इमारत दाखवली. नुसती दाखवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. त्याने ती सांगितली. हा खांब ओतीव लोखंडाचा, ही पायरी अमक्या वादळात खचली, या दिव्याची काच कुठून आली आणि वाटेत कितींदा फुटली. मी दिवसभर "अस्सं?" म्हणत होतो. त्या शब्दाचे जेवढे सूर काढता येतात तेवढे संध्याकाळपर्यंत काढून झाले. बायको मात्र मनापासून ऐकत होती, आणि मधूनमधून माझ्याकडे असं बघत होती, की जणू दीपगृह मीच पाडलं.

निघताना मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "या की आमच्याकडे. राजवाडा म्हणजे काय चीज आहे ते मी स्वतः दाखवीन. इंच न् इंच."

"नक्की येतो, साडूबुवा," साडू म्हणाला. "तुमच्याकडून ऐकण्यात मजा आहे."

पुढचं वर्षभर मी ते वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात टोमणा होता की नव्हता, याचा निकाल लागेना. आणि एके दिवशी बायकोने फोन खाली ठेवून सांगितलं, "ताई आणि भावजी शनिवारी येतायत. राजवाडा बघायला."

"बरं," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलाय ना?"

"रोज बघतो."

"आतून?"

मी वर्तमानपत्र उलटं केलं.

पाहुणे येणार ही बातमी आमच्या इमारतीत जिन्याने चढते. संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रीघ लागली. समोरच्या दारातले निवृत्त मुख्याध्यापक स्वतः येऊन बसले. "सन कधी सांगू नका," ते म्हणाले. "शतक सांगा. सन चुकला की माणूस तोंडघशी पडतो. शतक चुकलं तरी लोक मान हलवतात. मी सगळी नोकरी शतकांवर काढली." वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मोठ्या दालनात खणखणीत बोला. आवाज घुमतो, अर्धं कळतच नाही, चुकलेलं आपोआप झाकतं." आमच्या इमारतीचे सेक्रेटरी जरा वेगळ्या वळणाचे. ते म्हणाले, "तुम्ही राजवाडा बंद आहे म्हणून सांगा. दुरुस्ती चालू आहे म्हणा. दुरुस्तीवर सगळ्यांचा विश्वास बसतो." सेक्रेटरींनी आमच्या लिफ्टच्या बाबतीत हेच धोरण ठेवलेलं असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पण मी रंगीत तालीम करायची ठरवली. शुक्रवारी कंबर धरल्याचं कचेरीत कळवलं, मुलाच्या जुन्या कपाटातली टोपी घातली, काळा चष्मा चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा राजवाड्याकडे तोंड करून रस्ता ओलांडला.

तिकिटाच्या दोन खिडक्या होत्या. एक स्थानिकांसाठी, एक बाहेरगावच्यांसाठी. स्थानिकांच्या खिडकीत राहत्या पत्त्याचा पुरावा मागत होते, आणि पत्ता मोठ्याने वाचून दाखवत होते. या वयात राजवाडा बघायला आलेला स्थानिक म्हणून माझा पत्ता चौकभर व्हावा, हे मला मानवेना. मी बाहेरगावचा झालो. खिडकीशेजारी एक फलक होता. वर ठळक अक्षरांत 'या इसमांपासून सावध', खाली तीन फोटो, आणि त्याखाली 'विनापरवाना मार्गदर्शक'. त्यातला मधला इसम चांगल्या घरचा वाटत होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली, केस चापून बसवलेले. अगदी आमच्या कचेरीतला शोभावा असा. मी मनात म्हटलं, काय एकेकाची अधोगती असते!

परवानाधारक मार्गदर्शक लाल छत्री उंच धरून उभा होता. बुटका, बोलका, आणि दर चार वाक्यांनंतर घसा खाकरणारा. त्याने प्रत्येकाला गाव विचारलं. माझ्यापाशी आल्यावर मी साडूचं गाव सांगून टाकलं.

"वा, बंदराचे पाहुणे! तुमच्याकडे असा राजवाडा आहे का?"

"छे," मी म्हणालो. "आमच्याकडे नुसतं दीपगृह."

हे बोलताना इतकं बरं वाटलं, की तिकीट तिथेच वसूल झालं.

मग मी त्या माणसाला चिकटलो. तो म्हणेल ते ओठांतल्या ओठांत घोळवलं. दरबाराच्या दालनातलं एका काट्याचं घड्याळ पाहिलं. "थोरल्या महाराजांना मिनिटांची पर्वा नव्हती, मंडळी. तास पुरत होते!" यावर लोक हसले. राणीचा गोल सज्जा पाहिला, त्याच्या एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. "भिंतीला कान असतात म्हणतात, मंडळी. इथे तोंडही आहे!" पुन्हा हशा. तसबिरीतल्या महाराजांचा जोडा, आपण कुठेही उभे राहिलो तरी आपल्याकडेच वळलेला. रात्री जेवणानंतर मी आरशासमोर उभा राहून सगळं म्हणून पाहिलं. बायको दारात उभी होती.

"मध्ये मध्ये खाकरताय का?" तिने विचारलं.

"कुठे?"

"महाराजांच्या जोड्यानंतर. आणि घड्याळानंतर."

खरी गोष्ट अशी, की पाठांतरात मी लहानपणापासून प्रामाणिक. जसं दिलं तसं उतरवतो. खोकल्यासकट.

शनिवारी सकाळी साडू उतरला. नवा शर्ट, गळ्यात दुर्बीण. राजवाड्यात दुर्बिणीने बघण्यासारखं काय असतं, ते मार्गदर्शकाने सांगितलंच नव्हतं.

"चला साडूबुवा," तो म्हणाला. "आज आम्ही नुसते कान."

ऊन चांगलंच तापलं होतं. बायकोने आपली केशरी छत्री माझ्या हातात दिली. "उंच धरा. गर्दीत ताई हरवते." मी छत्री उंच धरली आणि दरबाराच्या दालनात शिरलो. नंतरच्या सगळ्या गोष्टी त्या छत्रीतून निघाल्या. पण त्या वेळी मी हवेत होतो.

"मंडळी, जरा मागे सरा," मी खणखणीत आवाजात म्हणालो. मंडळी म्हणजे तिघेच होते, पण काल असंच म्हटलं होतं. घड्याळाचा विनोद झाला. मेहुणी हसली. साडूने दुर्बिणीतून काटा पाहिला आणि तो चक्क म्हणाला, "अस्सं?"

अहाहा! एक वर्ष मी त्या शब्दाची वाट पाहत होतो. मला चेव आला. "माझे आजोबा इथल्या पागेत होते," मी म्हणालो, "त्यांनी हे घड्याळ चालताना डोळ्यांनी पाहिलंय."

"तुमचे आजोबा टपाल खात्यात होते ना?" साडूने विचारलं.

आजोबा मार्गदर्शकाचे होते. तेही मी पाठांतरात आणले होते.

"आधी पागेत," मी म्हणालो. "मग टपालात. घोडे दोन्हीकडे."

मी खाकरलो आणि पुढे निघालो. मागे वळून पाहतो तो मंडळी वाढलेली. एक जोडपं, तीन मुलं, एक वयस्क आजी, चार कॉलेजच्या मुली. सगळ्यांच्या नजरा केशरी छत्रीवर. त्यांना 'तुम्ही आमचे नाही' म्हणून सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण इतकी माणसं माझं ऐकतायत असं याआधी कधी झालेलं नव्हतं. कचेरीत लोक माझं ऐकतात ते रडवेले होऊन. इथे हसत होते. मी आवाज आणखी चढवला.

राणीच्या सज्जात मी एका टोकाला उभा राहिलो आणि साडूला म्हणालो, "पलीकडच्या टोकाला जा आणि काहीही कुजबुजा." तो मेहुणीला घेऊन गेला. मी भिंतीला कान लावला. भिंतीतून साडूचा आवाज स्वच्छ आला, "सगळं घोकून आलाय. खोकतोसुद्धा जागेवर."

"आलं का ऐकू?" त्याने तिकडून मोठ्याने विचारलं.

"काही नीट कळलं नाही," मी ओरडून सांगितलं. "हवा दमट आहे."

तेवढ्यात त्या आजींनी माझा हात धरला. "फार छान सांगता हो. आवाज किती गोड." आणि माझ्या खिशात काहीतरी सरकवलं. मी "अहो, अहो" म्हणतोय तोच खांद्यावर हात पडला. मागे लाल छत्री.

"काल बंदराचे पाहुणे!" मार्गदर्शक ओरडला. सज्जा असल्यामुळे ते सगळीकडून ऐकू आलं. "काल टोपी घालून माझं सगळं पाठ केलंत आणि आज धंदा सुरू? माझा विनोद! माझं घड्याळ! माझे आजोबा!"

"आजोबा यांचे?" साडूने विचारलं.

पाचच मिनिटांत आमची वरात व्यवस्थापकांच्या खोलीकडे निघाली. पुढे लाल छत्री, मागे केशरी, आणि त्यामागे आमचे बिनतिकिटाचे श्रोते. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटत होता.

व्यवस्थापक पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. टेबल लखलखीत, त्यावर शिक्के रांगेने. त्यांनी कालच्या तिकिटाची नोंद काढली, बाहेरगावचा. आजचं माझं ओळखपत्र पाहिलं, स्थानिक. मग माझ्या खिशातली आजींची नोट काढायला लावून टेबलावर ठेवली. तीन गोष्टी अशा मांडल्या, की मी स्वतः तपासनीस असतो तर माझा दावा मीच फेटाळला असता.

"मी माझ्या नातेवाइकांना वाडा दाखवत होतो," मी म्हणालो. "हे माझे साडू."

"प्रत्येक जण नातेवाईकच असतो," व्यवस्थापक म्हणाले. "मागच्या महिन्यात एक जण आला होता, अख्ख्या बसचा मामा." मग ते साडूकडे वळले. "हे तुमचे कोण?"

साडूने गळ्यातली दुर्बीण सावकाश सरळ केली. कपाळ तसंच मोठं, चेहरा तसाच शांत. माझी अब्रू त्याच्या तळहातावर होती आणि तो तिचं वजन करत होता. फलकावरचा तो चांगल्या घरचा इसम माझ्या डोळ्यांसमोर आला. माझी अख्खी कचेरी त्या थांब्यावर बस बदलते. शुक्रवारी कंबर धरलेला मी, सोमवारी त्याच्या शेजारी चिकटलेला असणार, शर्टाची वरची गुंडी लावून.

"साडू," तो शेवटी म्हणाला.

"एवढा वेळ का लागला?"

"आनंदाने कोण सांगतं, साहेब?"

व्यवस्थापकांनी मान हलवली. मग मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्यावर अविश्वास नाही. पण कागद काय म्हणतो?"

माझं वाक्य! इतकी वर्षं मी ते टेबलाच्या त्या बाजूने म्हणत आलो होतो. या बाजूने त्यात सहानुभूती अजिबात नसते.

कागद शोधायला सुरुवात झाली. बायकोच्या ओळखपत्रावर माझं आडनाव, मेहुणीच्या ओळखपत्रावर साडूचं. सासऱ्यांचं नाव कुठेच नाही. दोघी बहिणी आहेत याचा पुरावा नाही, म्हणून आम्ही दोघे एकमेकांचे कोणी नाही. "साडू असल्याचा दाखला कुठे मिळतो?" साडूने जरा गुर्मीतच विचारलं. व्यवस्थापकांनी नियमांची पुस्तिका चाळली. पती, पत्नी, अपत्य, आईवडील. साडू नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या कार्यालयातही नाही. साडूच्या जाण्याने साडूचं काही नुकसान होतं असं विमा धरतच नाही.

"फोटो काढून घ्या साहेब," मार्गदर्शक म्हणाला. "फलकावर एक जागा रिकामी आहे."

शिपाई कॅमेरा घेऊन आला. मी नकळत वरची गुंडी लावली. आणि तिथे बायकोचा धीर सुटला.

"अहो साहेब, यांना कसला धंदा जमतोय!" ती म्हणाली. "यांना साधी भाजी विकता यायची नाही. हे सगळं भावजींवर छाप पाडायला! टोपी घालून काल येऊन बसले, घरी रात्री आरशासमोर महाराजांचा जोडा म्हणत होते. खोकल्यासकट! राजवाड्यात पाऊल टाकलेला माणूस नाही हा. कालपर्यंत यांना आत जायचं दार ठाऊक नव्हतं!"

मी जमिनीकडे पाहिलं. सुटका होत असेल तर अशी होणार होती, सगळे कपडे उतरवून.

"अगं थांब," मेहुणी म्हणाली. "आरशासमोर? तुझेही?"

"तुझेही म्हणजे?"

"चल, आपण बाहेर..." साडू घाईने म्हणाला.

"बाहेर काय? सांगते की!" मेहुणी खुर्चीत पुढे सरकली. "मागच्या वर्षी तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे हेच. दोन रविवार दीपगृहावर. एका म्हाताऱ्या कोळ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. न्हाणीघरातून आवाज, 'हा खांब ओतीव लोखंडाचा, हा खांब ओतीव लोखंडाचा.' तळहातावर लिहिलं होतं, आणि धक्क्यावर घामाने पुसलं, म्हणून तर वादळाची गोष्ट दोनदा सांगितली!"

"मला वाटलं वादळं दोन झाली," बायको म्हणाली.

"कसली दोन! एकाचाही पत्ता नाही!"

"आणि यांनी वर्षभर माझं डोकं खाल्लं, साडूला किती माहिती, साडूला किती माहिती..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. आधी आवाज न करता खांदे हलवत, मग कपाळावर हात मारून, मग डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी डोळे पुसत. दोघी अगदी सारख्या. सासूबाई तशाच हसायच्या. व्यवस्थापक हिच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून हिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मी गुंडी लावून उभा, साडू तळहात खिशात लपवून. दोघांचेही चेहरे एकाच भट्टीतून काढल्यासारखे लाल.

"बहिणी आहेत," ते म्हणाले. "आणि हे साडू आहेत हे कळायला मला कागद नको."

मार्गदर्शकाला त्यांनी आजींची नोट परत करायला पाठवलं. शिपायाला चहा सांगितला. दार लावून घेतलं. आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "ते घड्याळ... एकच काटा का म्हणून सांगितलंत?"

"तुम्हाला ठाऊक असेल की," मी म्हणालो.

"मी नोंदी बघतो हो. वरच्या मजल्यावर जायला सवड कुणाला?" त्यांनी शिक्के उगाच सरळ केले. "पुढच्या महिन्यात माझा साडू येतोय."

मी घड्याळ सांगितलं. साडूने सज्जा सांगितला, खोकल्यासकट.

बाहेर आलो तेव्हा ऊन कललं होतं. बहिणी पुढे, अजून हसत. आम्ही दोघं थांब्यावर उभे राहिलो.

"तो खांब," मी विचारलं, "खरंच ओतीव लोखंडाचा आहे?"

"लाकडी आहे," साडू म्हणाला. "रंग दिलाय."

एक नवं जोडपं रस्ता ओलांडून आमच्यापाशी आलं. नवरा हातातला नकाशा फिरवत होता. माझ्या केशरी छत्रीकडे पाहून त्याने अदबीने विचारलं, "काका, या राजवाड्याबद्दल जरा काही सांगाल का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही बाहेरगावचे," दोघंही एकदम म्हणालो.

तेवढ्यात मागे करकचून ब्रेक लागला. आमच्या रोजच्या बसचा कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत माझ्यावर ओरडत होता. "अहो इन्शुरन्स! आज तिकडे तोंड करून का उभे? बस गेली असती की!"